उजवा, डावा, उजवा, उजवा



गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या बैठकीत एक धाडसी ठराव झाला. 'अलबेला'ची गाणी यंदा कराओकेवर नाही, खऱ्या वाद्यमेळावर म्हणायची. दोन ट्रंपेट आणि एक सॅक्सोफोन वाजवणारे फिलिपिनो सहकारी मिळाले, कीबोर्डसाठी आपल्याच एक वहिनी तयार झाल्या, आणि ड्रम्स माझ्या गळ्यात पडले. माझे भांडवल काय, तर शाळेत असताना पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत तीन वर्षे वाजवलेला ताशा! "काड्याच मारायच्या ना," असे म्हणून मीही हो म्हणून बसलो.

पहिल्याच तालमीत माझी विकेट पडली. गाणे सुरू झाले, मी जोरजोरात वाजवत होतो आणि ट्रंपेटवाले दर वेळी एकमेकांच्या मागेपुढे येत होते. तीनदा असे झाल्यावर त्यांतल्या वडीलधाऱ्याने ट्रंपेट खाली ठेवले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, आम्ही श्वास कधी घ्यायचा ते तुम्ही सांगतच नाही." हा गृहस्थ इथे येण्याआधी बरीच वर्षे हॉटेलांच्या बँडमध्ये होता, आणि लहानपणी ड्रम्सवरच शिकलेला. त्या दिवसापासून तो माझा गुरू झाला. दुसऱ्या शुक्रवारी अल खोबरच्या आमच्या घरी तो एक रबराची गोल थाळी आणि काड्यांची जोडी घेऊन आला, आणि डायनिंग टेबलावर माझा ओनामा सुरू झाला : उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. बस्स, एवढेच. तीन आठवडे.

याला म्हणतात पॅराडिडल. नाव विचित्र वाटते, पण आपल्या तबल्याच्या बोलासारखेच ते आहे. 'पॅ-रा' म्हणजे एकेका हाताचा एकेक आघात, 'डि-डल' म्हणजे एकाच हाताचे लागोपाठ दोन. शब्द उच्चारला की हात कळतो. तबल्यात आपण ज्याला निकास म्हणतो, म्हणजे कुठला बोल कुठल्या हाताने, कुठल्या बोटाने काढायचा, तोच हा प्रकार. 'तिरकिट' कसे काढायचे यावरून घराण्याघराण्यांत जसे मतभेद आहेत, तसेच भांडण या काड्यांच्या जगातही आहे. मला ही गोष्ट कळली आणि अर्धी भीती गेली.

हे बोल मूळचे लष्करी ढोलाचे. पलटण चालवायची, इशारे द्यायचे, त्यासाठी ठरलेले आघात हवेत म्हणून ही बाराखडी तयार झाली. १९३३ साली अमेरिकी ढोलवादकांनी संघटना काढली आणि पुढे असे २६ बोल प्रमाण मानले गेले. १९८४ साली ती यादी ४० वर गेली. सॅनफर्ड मोलर नावाच्या एका शिक्षकाने जुन्या यादवी युद्धातल्या ढोलवाल्यांचे हात बघून मनगट चाबकासारखे फिरवण्याची पद्धत १९२५ साली पुस्तकात मांडली. त्याचा एक शिष्य म्हणजे जीन क्रूपा. बेनी गुडमनच्या बँडमधला हा देखणा ड्रमर १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला आणि ड्रमर हा मागे बसणारा मनुष्य राहिला नाही. त्याआधी आठ महिन्यांपूर्वी, मे १९३७ मध्ये, हार्लेमच्या सॅव्हॉय नृत्यगृहात चिक वेबच्या बँडशी गुडमनच्या बँडचा सामना झाला होता. वेब लहानपणीच्या मणक्याच्या क्षयामुळे पाठीत वाकलेला, ठेंगणा. पण त्या रात्री त्याने बाजी मारली आणि क्रूपाने जाहीरपणे त्याच्यापुढे मान लवविली. वेब १९३९ सालीच गेला. माझ्या मते या सगळ्यांत थोर तोच, पण ते असो.

बिग बँडमध्ये या बोलांचे काम काय, तेही थोडक्यात सांगतो. पंधरा-सोळा माणसे, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचे ताफे. त्यांनी एकदम "भॅप" असा एक सूर मारायचा असतो. तो सगळ्यांनी एका क्षणी मारायचा तर श्वास एका क्षणी घ्यायला हवा. म्हणून ड्रमर त्याच्या आधीच्या एक-दोन मात्रांत एक छोटी जागा भरतो. समेवर येण्याआधी तबलजी मुखडा घेतो ना, तसेच. स्विंगची लय तिस्र अंगाची, प्रत्येक मात्रेत तीन भाग. त्यात पॅराडिडलचा एक भाऊ फार सोयीचा पडतो : उ डा उ, उ डा डा. सहा आघात, दोन मात्रा, आणि पुन्हा सुरुवात उजव्यानेच! एका हाताचे दोन आघात चालू असताना दुसऱ्या हाताला झांजेपर्यंत पोहोचायला सवड मिळते. ताशावर मी वेग शिकलो होतो; डावा हात मात्र आयुष्यभर उजव्याच्या मागे फरपटत आलेला. गुरूने काय केले? माझी प्लेट डाव्या बाजूला सरकवून जेवताना चमचा डाव्या हातात दिला. बायकोला ते अजून पटलेले नाही.

आता खरी गोष्ट. अमेरिकेत मी एम. एस. करत असताना आमच्या विद्यापीठाचा स्वतःचा बिग बँड होता. कार्यक्रम फुकट आणि नंतर पिझ्झाही फुकट, म्हणून आम्ही देशी मुले हमखास जात असू. वाजायचे झकास. पण तिथे बसून मनात कायम एकच : हे त्यांचे, आपले नव्हे. परवा माझ्या मुलानेही तेच विचारले. "बाबा, तुम्ही हे का शिकताय? ये अपना म्युझिक थोडी है!" (त्याच्या मराठीबद्दल पुढच्या अंकात.) तेव्हा त्याला उत्तर द्यायचे म्हणून मी वाचायला बसलो, आणि उत्तर माझ्याच लहानपणीच्या रेडिओत सापडले.

१९३५च्या अखेरीस लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढल्या वर्षी क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. स्वतःच्या देशात ज्यांना वेगळ्या दाराने आत जावे लागे, ते इथे शहराच्या सर्वांत मोठ्या हॉटेलात वाजवत होते. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. या मंडळींच्या आजूबाजूला बसून शिकले ते आपले गोवेकर. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच सुरावट वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. मग ही मुले मुंबईला येत, धोबी तलावच्या आपापल्या गावच्या कुडात पथारी टाकत आणि संध्याकाळी कोट चढवून हॉटेलात वाजवायला जात. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये होता. बार्देशातल्या हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांना तर लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईला ते चिक चॉकलेट या नावाने ठाऊक होते.

आणि मग दारूबंदी आली! दारूबंदी म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. १९४९च्या कायद्याने मुंबईत ती लागू झाली आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याचा धंदा मंदावला. हे वाजवणारे हात गेले कुठे? दादर, महालक्ष्मी, ताडदेवच्या चित्रपट स्टुडिओंत. काही आधीपासून जात होते, आता ओघच लागला. तिथे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, त्यांची वाटच बघत होते असे म्हणायला हरकत नाही. १९४७च्या 'शहनाई'त त्यांनी पाश्चात्त्य बाज आणला होता. १९५१ साली भगवानदादा पालव यांचा 'अलबेला' आला. एक नगरकडचा मराठी संगीतकार, एक मुंबईच्या गिरणगावातून वर आलेला मराठी नट-दिग्दर्शक, आणि त्यांच्या मागे हळदोण्याचा ट्रंपेटवाला. चिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी त्या चित्रपटात झालरींचे लॅटिन कपडे घालून पडद्यावरही दिसतात. घरी सीडी असेल तर पुन्हा लावून बघा.

तालाच्या बाजूला पारशीही होते. कावस लॉर्ड हे त्यांतले जुने नाव. बोंगो आणि तसली लॅटिन अमेरिकेची तालवाद्ये हिंदी गाण्यांत रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांची मुले केर्सी आणि बर्जोर, दोघेही पुढे चित्रपटसंगीतात नावाजले. केर्सी लॉर्ड २०१६ साली गेले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस... संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि यांनी रात्र जागून प्रत्येक वाद्याचा कागद लिहून काढायचा. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचे. यांतले एकच नाव घराघरांत पोहोचले, तेही १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेली ती मानवंदना, पण प्रेक्षकांना ते नाव विनोदी पात्राचे वाटले!

आणि ड्रमर? गाण्यात ट्रंपेट सुरू व्हायच्या आधी ते जे "ट्र-डडा" येते, ते कोणी वाजवले, हे तबकडीवर कधी छापलेले नसते. त्या एका मात्रेवर अख्खा वाद्यमेळ श्वास घेत असे. एकदा चुकली तर सगळ्या पन्नास माणसांनी गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे, कारण तेव्हा सगळे एकदमच मुद्रित होत असे.

मुंबईत नंतरही मोठे हात येऊन गेले. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक यांच्याबरोबर जो मोरेलो आला. ज्यांचे १९३५चे काड्यांच्या सरावाचे पुस्तक अजून जगभर विकले जाते, त्या जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचा हा शिष्य. माझ्या गुरूने मला पहिल्या महिन्यात तेच पुस्तक दिले. पहिल्या पानावर नुसते उ आणि डा, दुसरे काही नाही! १९६३ साली ड्यूक एलिंग्टन यांचा पूर्ण बिग बँड आला, १९६४ साली खुद्द आर्मस्ट्राँग. १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' भरू लागली. आणि बेळगावात जन्मलेल्या शोभाताई गुर्टू, ज्यांच्या ठुमऱ्या आपल्या आयांनी ऐकल्या, त्यांचे चिरंजीव त्रिलोक तबल्यावरून ड्रम्सकडे वळले आणि जमिनीवर बैठक मारून ड्रम्स वाजवत युरोपभर गाजले. मुलाला हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागला.

पुढचे लिहिताना मला जरा अवघड वाटते. १९८०च्या सुमारास ताल वाजवणारी यंत्रे आली, १९८३ मध्ये वाद्ये आणि संगणक एकमेकांशी बोलू लागले, आणि नव्वदीत आपल्याकडचे मोठे वाद्यमेळ संपत गेले. साठ माणसांचे काम एका खोलीत एक माणूस करू लागला. मी काय करतो? कंपन्यांमध्ये जाऊन दहा माणसांचे काम तीन माणसांत कसे होईल, याची सॉफ्टवेअर बसवतो. यंत्राची मात्रा कधी चुकत नाही, हे मी ग्राहकांना अभिमानाने सांगत आलो आहे. पण यंत्राला ट्रंपेटवाल्याचे फुफ्फुस दिसत नाही, हे मला टेबलावरच्या त्या रबरी थाळीने शिकवले, आणि तेही पंचेचाळिशी उलटल्यावर.

ही थाळी इथल्या आयुष्याला फार सोयीची आहे, हेही सांगायला हवे. मी २०११ साली आलो तेव्हा वाजवणे म्हणजे घरात, कंपाउंडच्या भिंतींच्या आत, खिडक्या लावून. २०१६ नंतर वारे बदलले. फेब्रुवारी २०१८ मध्ये रियाधला चक्क उघड्यावर जॅझ महोत्सव भरला! चारशे किलोमीटर गाडी हाणत आम्ही गेलो होतो. तेव्हा मी नुसता टाळ्या वाजवणारा होतो. शेजारी बसलेला तरुण सौदी मुलगा मात्र मांडीवर बोटांनी ताल धरत होता, आणि नीट बघितले तर त्याचा डावा हात माझ्यापेक्षा बरा होता.

कार्यक्रम कसा झाला? दोन ठिकाणी चुकलो. एका ठिकाणी ट्रंपेटवाले मला न जुमानता स्वतःच बरोबर आले, देव त्यांचे भले करो. तिसऱ्या गाण्यात मात्र उ डा उ, उ डा डा आणि वर झांज, असे नेमके जमले. तिघांनी एकदम श्वास घेतला तो मला पाठीमागून दिसला. निवेदनात मी त्या जुन्या वादकांची नावे वाचायची परवानगी मागितली होती. कार्यकारिणीने वेळेअभावी एकच मिनिट दिले. चिक चॉकलेट, कावस लॉर्ड, मिकी कोरिया, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. एवढी बसली. सभागृहात मागे बसलेल्या एका गोवेकर काकांनी सातवे नाव ओरडून सांगितले, पण टाळ्यांत मला ते ऐकू आले नाही आणि नंतर गर्दीत ते भेटले नाहीत. हा अंक त्यांच्या हाती पडला तर त्यांनी कृपया संपर्क साधावा.

यंदाची तालीम शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुरू होते. ट्रॉम्बोन वाजवणारे कोणी असल्यास फारच उत्तम.