एका धाग्यावरचा आधार

सरकारी दप्तरांतले कांहीं शब्द असे असतात कीं, ते एकदां एखाद्या समाजाच्या कपाळीं लागले म्हणजे त्यांमागचा विचार लोक विसरतात आणि शब्द तेवढा मागें उरतो. ढेबर आयोगानें १९६१ सालीं आदिवासींतहि कांहीं जमाती अधिक मागें राहिल्या आहेत, ही गोष्ट पुढें मांडली. १९७५ सालीं केंद्र सरकारनें अशा ५२ जमाती निवडून त्यांस ‘आदिम’ म्हटलें. ही संख्या पुढें ७५ झाली. आणि २००६ सालीं ‘आदिम’ हा शब्द अपमानास्पद वाटून त्याच्या जागीं ‘विशेष दुर्बल’ हा शब्द आला. महाराष्ट्रांतील तीन जमातींचीं नांवें या यादींत आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. माडियांची वस्ती मुख्यत्वें गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, भामरागड व एटापल्ली या तालुक्यांत आहे.

हा ‘दुर्बल’ शब्द मला अलीकडे फार बोचतो, आणि त्याचें कारण सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एटापल्ली तालुक्यांतील एका खेड्यांतून आलेला एक मुलगा माझ्या वर्गांत होता. आश्रमशाळेंत शिकून तो जिल्ह्याच्या ठिकाणीं आला होता. २०१८ च्या पावसाळ्यांत कॉलेज उघडलें, पण तो आला नाहीं. फी भरण्याची मुदत गेली, आणि मीं हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें ‘अनियमित’ असा शेरा मारला. दिवाळीनंतर तो भेटला तेव्हां कळलें कीं, घरच्यांनीं उन्हाळाभर तोडलेल्या तेंदूपत्त्याचे पैसे ठेकेदाराकडे अडकले होते. शेरा खोटा नव्हता. परंतु अनियमित कोण होता, याचा विचार मीं केला नव्हता. पुढील विवेचन त्या शेऱ्याचें प्रायश्चित्त समजावें.

एटापल्लीस जावयाचें तर चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली असा मार्ग आहे. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. त्यापुढें रान दाट होतें, आणि एटापल्लीच्या पलीकडे सुरजागडचे डोंगर उभे राहतात. या मुलुखाचा इतिहास म्हणजे ‘येथें रस्ता कधीं आला’ एवढाच, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाहीं. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि चांद्याचें रान इंग्रजांकडे आलें. चारच वर्षांनीं मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनीं गोंड व माडिया तरुणांची फौज उभारून राजगड घेतला. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांस येऊन मिळाले. अखेर अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्या साहाय्यानें बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांस चांद्याच्या तुरुंगांत फांशी झाली. तेव्हां यांस कोणी दुर्बल म्हटलें नव्हतें. बंडखोर म्हटलें होतें. दुर्बलता नंतर आली, आणि ती कशी आली हेंच पाहण्यासारखें आहे.

ती कायद्याच्या वाटेनें आली. १८७८ च्या व पुढें १९२७ च्या वनकायद्यानें राखीव रान सरकारचें ठरलें. मोहाचें फूल, बांबू, डिंक, जळण या ज्या वस्तू माणूस काल हक्कानें आणीत होता, त्याच आज सवलत म्हणून मिळूं लागल्या. मोह हें त्या लोकांचें टंचाईंतलें अन्न. ज्याचें अन्न दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून असतें तो कितीहि धट्टाकट्टा असला तरी दुबळाच. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या. पण रानाचा धनी बदलला नाहीं.

यानंतर या रानांत तीन आधार आले: शाळा, व्यापार आणि सेवासंस्था.

प्रथम शाळा. ठक्करबाप्पांनीं १९२२ सालीं दाहोद येथें भील सेवा मंडळ स्थापिलें, तेव्हांपासून आदिवासी मुलांस एकत्र ठेवून शिकविण्याची कल्पना आपल्याकडे रुजली. महाराष्ट्रांत १९७२-७३ पासून सरकारनें स्वतः आश्रमशाळा काढण्यास आरंभ केला. कल्पना उदार होती, आणि तिच्यामुळें हजारों मुलें अक्षरओळखीपर्यंत पोंचलीं, हें कोणीहि नाकारूं नये. परंतु सहा वर्षांचें मूल घर सोडून येतें, तेव्हां तें केवळ आईबापांस सोडीत नाहीं. तें आपली भाषाहि सोडून येतें. माडिया ही द्राविडी कुळांतील बोली. शाळेंत सर्व व्यवहार मराठींत. पोट दुखतें हें सांगण्यास शब्द नसलेलें मूल निजावयाच्या खोलींत शंभर मुलांत निजतें. त्या मुलुखांत हिंवताप फार आहे, सिकलसेलचा आजार रक्तांत आहे, आणि पावसाळ्यांत ओढे भरले म्हणजे दवाखाना दूर जातो. २०१६ सालीं डॉ. सुभाष साळुंके यांच्या समितीनें राज्यपालांस अहवाल दिला. राज्यांतील आश्रमशाळांत सुमारें पंधरा वर्षांत हजारांवर मुलें दगावल्याची नोंद त्यांत आहे, आणि कित्येकांच्या मृत्यूचें निश्चित कारणहि दप्तरांत नव्हतें. आपल्या घरांतलें मूल गेलें असतां कारण विचारल्यावांचून आपण राहिलों असतों काय?

दुसरा आधार व्यापाराचा. एप्रिल-मे महिन्यांत एटापल्लीच्या रानांत घरटी सर्व माणसें पहाटे बाहेर पडतात. तेंदूचीं पानें तोडावयाचीं, सत्तर पानांचा एक पुडा बांधावयाचा, सायंकाळीं फळीवर मोजून द्यावयाचा. हजार पुड्यांची एक गोणी. सुट्टीला घरीं आलेलीं आश्रमशाळेचीं मुलेंहि पुडे बांधतात. वर्षाचें रोख उत्पन्न बहुतांशीं या थोड्या आठवड्यांत येतें. १९९६ च्या पेसा कायद्यानें व २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांस स्वतः लिलांव करण्याची वाट मोकळी झाली, ही मोठी गोष्ट घडली. २०१७ सालीं भाव फार चढले. ठेकेदारांनीं उडी घेऊन बोली लाविल्या. त्याच वर्षीं १ जुलैपासून वस्तू व सेवा कर आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के. पुढील हंगामांत भाव कोसळले. कित्येक ठिकाणीं पैसे रखडले. येथें ठेकेदारास केवळ शिव्या देऊन भागणार नाहीं. तोहि उधारीवर उभा असतो. त्याचा माल विडीच्या कारखानदारानें उचलला तर तो तरतो. विडी शहरांत विझली म्हणजे चूल रानांत विझते, आणि त्या चुलीजवळ बसलेल्या मुलाची फी चुकते.

तिसरा आधार सेवासंस्थांचा. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना चालविला, १९७६ सालीं शाळा काढली. त्या दांपत्यास २००८ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ सालीं गडचिरोलीस आले. त्यांनीं ३९ गांवांत खेड्यांतल्याच स्त्रियांस नवजात बालकांची निगा शिकविली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें तेथें नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले. ही कामगिरी थोर आहे. परंतु तिच्यांतला धडा वेगळा आहे. डॉक्टर खेड्यांत नेऊन बसविला, एवढ्यानें हें झालें नाहीं. डॉक्टराचें ज्ञान खेड्यांतल्या बाईच्या हातांत गेलें, म्हणून झालें. सेवासंस्थेचें बळ दानशूरांच्या औदार्यावर आणि संस्थापकांच्या आयुष्यावर टांगलेलें असतें. दान आटलें, शरीर थकलें, तर काय? विद्यार्थ्याप्रमाणें, व्यापाऱ्याप्रमाणें संस्थाहि नाजूकच. फक्त तिचा नाजूकपणा आपणांस आदरामुळें दिसत नाहीं.

तेव्हां या तिन्ही आधारांत दोष सारखाच आढळतो. प्रत्येक आधार एकाच धाग्यावर लोंबतो आहे, आणि त्या धाग्याचें दुसरें टोंक दूर कोणाच्या तरी हातीं आहे: मंत्रालयांत, विडीच्या बाजारांत, दात्याच्या मनांत. शहरांतल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबास चार धागे असतात. नोकरी गेली तर बचत, बचत संपली तर भाऊ, भाऊ नसला तर पतपेढी. त्यामुळें एक तुटला तरी आपण पडत नाहीं, आणि न पडण्यास आपण स्वतःचें सामर्थ्य समजतों.

दुसरें टोंक गांवाच्या हातीं आलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण त्याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत आहे. मेंढा-लेखा या लहानशा गोंड खेड्यास २००९ सालीं १,८०९ हेक्टर रानावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं त्यानें आपला बांबू आपण विकला. ज्या बांबूवर दूरचे कागद-कारखाने वाढले, त्याचा हिशोब प्रथमच गांवच्या सभेंत वाचला गेला. एका खेड्याच्या यशावरून सर्व रानाचें भविष्य सांगतां येत नाहीं. एटापल्लीचा प्रश्न अधिक बिकट आहे. सुरजागडच्या लोखंडासाठीं २००७ सालीं खाणीचा पट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्यें नक्षलवाद्यांनीं तेथें सुमारें ऐंशी वाहनें जाळलीं. पुढें २०२१ पासून काम पुन्हा सुरू झालें. मजुरी आली, जड वाहनें आलीं, धूळ आली. हा चौथा धागा होय. तोहि बाहेरच्याच हातीं राहणार, कीं गांवाच्या सभेंत त्याचा हिशोब वाचला जाणार, यावर पुढल्या पिढीचें बळ किंवा दुर्बळपण ठरेल.

असो. त्या मुलानें पुढल्या वर्षीं पुन्हा नांव घातलें आणि पदवी घेतली. निरोप घेण्यास आला तेव्हां मीं त्याच्याजवळ त्या शेऱ्याची गोष्ट काढली. तो हंसून म्हणाला, “सर, तुम्ही लिहिलें तें आम्हांला घरींहि म्हणतात, पाऊस अनियमित, पैसा अनियमित, बस अनियमित, मग मी एकटाच कसा नियमित राहूं?” तेव्हांपासून हजेरीपटांत कोणाच्या नांवापुढें शेरा मारण्यापूर्वीं मी त्या विद्यार्थ्यास बोलावून विचारतों. उपाय फार लहान आहे. परंतु ‘दुर्बल’ हा शब्द लिहिणाऱ्या प्रत्येकानें एवढें जरी केलें, तरी त्या शब्दाची गरज कांहींशी कमी होईल.