डिस्ने वर्ल्डची रांग मोबाईलमध्ये कशी गेली? फास्टपास ते लाइटनिंग लेन, सगळं सोप्या भाषेत

माझी मावशी आणि काका अमेरिकेत मुलाकडे गेले होते. तिथून सगळ्यांचा फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जायचा बेत ठरला. जायच्या आठवडाभर आधी मावशीचा मला व्हॉइस मेसेज आला, "अरे, तिकीट काढलंय म्हणे, पण अजून ॲपवर कायकाय करायचं बाकी आहे. हे लाइटनिंग काय प्रकरण आहे? तिकीट काढल्यावर पुन्हा पैसे कशाचे?"

घरातला 'मोबाईलवाला' मीच, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. वाचत गेलो तसं लक्षात आलं की मावशीचा प्रश्न अगदी बरोबर होता. गेल्या काही वर्षांत डिस्ने वर्ल्डमध्ये सर्वांत मोठा बदल झालाय तो रांगेत. या लेखात ती रांग आपल्या फोनमध्ये कशी आली, त्यामागचं तंत्रज्ञान काय आणि त्यात कोणाचा फायदा झाला ते पाहू. शेवटी माझं मतही सांगतो.

आधी थोडी ओळख

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑर्लँडो शहराजवळ सुरू झालं. हे एकच पार्क नाही. मॅजिक किंगडम (१९७१), एप्कॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) अशी चार मोठी पार्कं, शिवाय वॉटर पार्क आणि कितीतरी हॉटेलं, असा साधारण १०० चौरस किलोमीटरचा पसारा आहे.

सुरुवातीला इथे आत यायचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे होते. राइडसाठी कूपनांचं पुस्तक मिळायचं. 'ए' कूपन साध्या राइडला, 'ई' कूपन सगळ्यात भारी राइडला. १९८२ च्या सुमारास ही कूपनं बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळ्या राइड्स आल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फास्टपास म्हणजे काय होतं?

एकाच तिकिटात सगळं मिळायला लागल्यावर चांगल्या राइडसमोर रांगा वाढणारच. त्यावर १९९९ मध्ये फास्टपास आला. राइडजवळच्या मशीनमध्ये आपलं तिकीट घालायचं, की एक कागदी चिठ्ठी बाहेर यायची. तिच्यावर तासाभराची वेळ छापलेली असायची, समजा दुपारी २ ते ३. त्या वेळेत आलात की छोट्या रांगेतून आत.

यासाठी वेगळे पैसे नव्हते. नियम सगळ्यांना सारखा, साधारणपणे एका वेळी एकच चिठ्ठी. घरातल्या एका चपळ माणसाने सगळ्यांची तिकिटं घेऊन सकाळी मशीनकडे पळत सुटायचं, ही तेव्हाची युक्ती! म्हणजे ज्याचे पाय मजबूत, त्याचा फायदा.

मॅजिकबँड: मनगटावरचं तिकीट

२०१३ मध्ये डिस्नेने मॅजिकबँड आणला. या पूर्ण यंत्रणेवर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. दिसायला साधा रबरी पट्टा, पण आत दोन वेगवेगळे रेडिओ.

१. जवळचा रेडिओ (आरएफआयडी): आपण मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवतो तसाच. पार्कचं गेट, हॉटेलच्या खोलीचं दार, दुकानातलं बिल, सगळीकडे पट्टा टेकवायचा. यासाठी बॅटरी लागत नाही, समोरच्या रीडरच्या लहरींवरच चिप जागी होते.

२. लांबचा रेडिओ (२.४ गिगाहर्ट्झ): याला आतली छोटी बॅटरी लागते. यामुळे काही फुटांवरूनही यंत्रणेला पट्टा ओळखता येतो. राइडमध्ये काढलेला फोटो आपोआप तुमच्या खात्यात येतो, तो याच्या जोरावर.

सोबत फास्टपास प्लस आला आणि कागदी चिठ्ठ्या गेल्या. आता दिवसाला ३ राइड आधीच बुक करता यायच्या. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी, बाकीच्यांना ३० दिवस आधी. हेही फुकटच होतं, पण आता जो दोन महिने आधी ॲप उघडून बसेल त्याचा फायदा. थोडक्यात, पायांचं काम आता नियोजनाकडे गेलं.

पुढे पट्ट्याचं काम फोनही करू लागला. २०२१ पासून मॅजिकमोबाईल आलं, म्हणजे तुमच्या फोनच्या वॉलेटमध्येच पास ठेवायचा आणि एनएफसीने गेटवर टेकवायचा. त्याच वर्षापासून हॉटेलच्या पाहुण्यांना मिळणारे फुकट मॅजिकबँड बंद झाले.

२०२१: फुकटची सोय विकत झाली

करोनामुळे मार्च २०२० मध्ये पार्कं बंद झाली आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा उघडली. उघडली तेव्हा फास्टपास प्लस बंद होता, आणि तो परत आलाच नाही. १९ ऑक्टोबर २०२१ ला त्याच्या जागी आलं जिनी प्लस, माणशी रोजचे १५ डॉलर. सर्वांत लोकप्रिय राइडचे पैसे त्याहून वेगळे. ऑक्टोबर २०२२ पासून किंमत गर्दीप्रमाणे बदलू लागली, आपल्याकडे विमानाचं भाडं बदलतं तशी.

२४ जुलै २०२४ ला नाव पुन्हा बदललं. सध्याचे तीन प्रकार असे:

- लाइटनिंग लेन मल्टी पास: एका पार्कसाठी ३ राइडच्या वेळा आधीच निवडायच्या. एक वापरली की पुढची घेता येते.
- लाइटनिंग लेन सिंगल पास: 'ट्रॉन'सारख्या एखाद्या जोरात चालणाऱ्या राइडसाठी वेगळे पैसे.
- लाइटनिंग लेन प्रीमियर पास: ऑक्टोबर २०२४ अखेर सुरू झाला. वेळ निवडायची भानगडच नाही. त्या पार्कमधल्या प्रत्येक लाइटनिंग लेनमधून एकेकदा कधीही जा. सुरू झाला तेव्हाची किंमत पार्क आणि तारखेनुसार माणशी १२९ ते ४४९ डॉलर.

८५ रुपयांचा एक डॉलर धरला तर ४४९ डॉलर म्हणजे ३८ हजार रुपयांच्या वर. एका माणसाचे, एका दिवसाचे. आणि हे तिकिटाच्या वर बरं का! २०२५ च्या नाताळात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीटच १९९ डॉलरपर्यंत गेलं.

१९७१ ची कूपनं आठवतायत? साधी राइड स्वस्त, भारी राइड महाग. फिरून आपण पुन्हा तिथेच आलोय, फक्त कूपनाच्या पुस्तकाची जागा ॲपने घेतलीय.

पण मग रांग कमी होते का?

इथे बहुतेकांची गल्लत होते. ॲपमुळे राइड वेगाने चालत नाही. एक साधं गणित करू. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.

समजा एका राइडवर तासाला १००० लोक बसू शकतात आणि तुमच्या पुढे साध्या रांगेत ६०० लोक आहेत. दुसरी रांगच नसेल तर तुमचा नंबर ३६ मिनिटांत लागेल. आता समजा, १००० पैकी ७०० जागा लाइटनिंग लेनवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या ३००. तेच ६०० लोक, पण आता लागणार २ तास!

राइड तीच, लोक तेवढेच, जागाही तेवढ्याच. फक्त थांबायचं कोणी, हे बदललं. वाचलेला वेळ हवेतून येत नाही, तो शेजारच्या रांगेतल्या माणसाकडून येतो. फास्टपास फुकट होता तेव्हाही गणित हेच होतं. फरक एवढाच की तेव्हा प्रत्येकजण कधी या रांगेत असायचा, कधी त्या रांगेत. आता कोणत्या रांगेत उभं राहायचं, हे खिसा ठरवतो.

व्हर्च्युअल क्यू वेगळी बरं का

काही नव्या राइडसाठी डिस्नेने फुकटची व्हर्च्युअल क्यूही वापरली. २०१९ मध्ये 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' सुरू झाली तेव्हा ॲपवर गट क्रमांक मिळायचा आणि आपला नंबर आला की फोनवर सूचना यायची. 'ट्रॉन', 'गार्डियन्स' या राइडनाही आधी हीच पद्धत होती, पुढे त्यांना साधी रांग मिळाली. इथे पैसे नव्हते, पण ठरलेल्या वेळी चपळ बोट आणि चांगलं नेटवर्क लागायचं. आपल्या तत्काळ तिकिटासारखंच समजा.

ज्यांना रांगेत उभंच राहता येत नाही, त्यांचं काय?

अशा लोकांसाठी डिस्नेची डीएएस नावाची फुकट सोय आहे. रांगेत उभं न राहता परत यायची वेळ मिळते. २० मे २०२४ पासून डिस्ने वर्ल्डमध्ये तिचे नियम कडक झाले. आता ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणीमुळे जास्त वेळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, आणि नोंदणी व्हिडिओ कॉलवर होते. बाकीच्यांना इतर पर्याय सुचवले जातात, उदाहरणार्थ रांगेतून तात्पुरतं बाहेर येऊन परत आत जाणं.

डिस्नेचं म्हणणं असं की या सोयीचा वापर फार वाढला होता. यात तथ्य असेलही. पण ज्यांचा आजार दिसत नाही, अशा अनेकांना पूर्वी मिळणारी ही सोय आता मिळत नाही, आणि ती नाराजी मला पटते. रांग टाळायला पैसे पडायला लागले की फुकटच्या दाराकडे संशयाने बघितलं जाणारच.

जाणार असाल तर हे करून ठेवा

- खातं एकाच फोनवर: घरातल्या सगळ्यांची तिकिटं एका खात्यात जोडा. आई-बाबांनी प्रत्येकी ॲप चालवायची गरज नाही.
- वेळ नीट मोजा: लाइटनिंग लेनचं बुकिंग तिथल्या सकाळी ७ वाजता उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी, इतरांना ३ दिवस आधी. भारतातून बुक करत असाल तर तिथल्या उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.
- कार्ड तपासा: आपल्याकडच्या कार्डवर परदेशी व्यवहार बऱ्याचदा बंद असतात. बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करा.
- बॅटरी: तिकीट, नकाशा, जेवणाची ऑर्डर, फोटो, सगळं फोनवरच. पॉवर बँक न्याच. पार्कमध्ये वायफाय फुकट आहे.
- लोकेशनची परवानगी: 'ॲप वापरताना' एवढीच द्या. घरी आल्यावर तीही काढून टाका.
- बोटाचा ठसा: गेटवर बोट स्कॅन करतात. नको असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवता येतं.
- गेटवर फोनच हवा असं नाही: प्लास्टिकचं कार्डही चालतं आणि राइडच्या दाराशी रांगेची वेळ पाटीवर लिहिलेली असते.

माझं मत

कंपनीने पैसे कमवू नयेत असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या दिवशी जास्त भाव, हे आता सगळीकडेच आहे. मला खटकतं ते वेगळंच. जी गोष्ट २० वर्षांहून जास्त काळ तिकिटातच मिळत होती, तीच बाहेर काढून आपल्याला 'सुविधा' म्हणून विकली. आणि प्रत्येक वेळी नाव बदललं, त्यामुळे तुलना करणं अवघड झालं. ॲपमध्ये नवीन नावाचं फीचर दिसलं की मी आता आधी विचारतो, हे काल फुकट होतं का?

दुसरी गोष्ट, रांगेशिवाय रमण्याच्या जागाही कमी होतायत. मॅजिक किंगडममधली रिव्हर्स ऑफ अमेरिका ही नदी, तिच्यातली मोठी बोट आणि १९७३ पासूनचं टॉम सॉयर बेट जुलै २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. तिथे आता 'कार्स' सिनेमावर आधारित नवीन भाग होतोय. नव्या राइड मुलांना आवडतील यात शंका नाही. पण ते बेट म्हणजे वेळ न ठरवता नुसतं फिरायची जागा होती.

मग मावशीचं काय झालं?

मी तिला गणित समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या पुढे घुसायचे पैसे!" भावाने मुलांसाठी एक दिवस मल्टी पास घेतला. मावशी-काकांनी काहीच घेतलं नाही. संध्याकाळी तिचा फोटो आला, पीपलमूव्हरमधला. ही मॅजिक किंगडममधली उंचावरून संथ फिरणारी गाडी, हिला लाइटनिंग लेनच नाही. सगळे एकाच रांगेत.

"तीनदा बसलो," तिने खाली लिहिलं होतं. "वारा छान लागतो. फोन पर्समध्येच होता, आत्ता तुला फोटो पाठवायला काढला."

तुमच्या घरचं कोणी जाणार असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. पैसे द्यायचे की रांगेत उभं राहायचं ते त्यांनीच ठरवावं, फक्त आपण नक्की काय विकत घेतोय ते माहीत असू द्या.