गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही? मेकॅनिकला बोलावण्याआधी घरीच तपासा

रात्री पेशंटला तालुक्याला न्यायचंय आणि नेमकी गाडी चालू होत नाही. गॅरेज लांब. अशा वेळी सारखा सेल्फ मारत राहिलं, तर बॅटरी उतरते आणि प्लग पेट्रोलने भिजतात. त्यापेक्षा खालील क्रमाने तपासा. ही माहिती पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो.

१) आवाज ऐका : सेल्फ फिरतच नसेल किंवा नुसता टकटक आवाज येत असेल, तर आधी बॅटरी बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर साफ करून घट्ट आवळा. मल्टिमीटर असल्यास गाडी बंद ठेवून मोजा. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्जिंग लागणार.

२) चावीचा दिवा : चावी ऑन केल्यावरही मीटरमधला चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडी चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा.

३) वायरी : बोनेट उघडून टॉर्चने नीट बघा. गोठ्याजवळ किंवा धान्याजवळ उभ्या गाडीच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात. कॉइलचे सॉकेट सैल किंवा ओले आहेत का, तेही बघा.

४) गाडी मिसिंग मारतेय? : बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते. स्कॅनरवर पी०३०२ कोड आला म्हणजे दुसरा सिलिंडर मिस होतोय. इंजिन बंद करून दुसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करा. आता कोड पी०३०१ आला, तर कॉइलच खराब. कोड तोच राहिला, तर प्लग बघा.

५) प्लगचा रंग : फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टरही तपासा. तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. हे काम गॅरेजचंच.

ही काळजी घ्याच : कॉइलमधून हजारो व्होल्टचा करंट निघतो. सेल्फ मारताना प्लग किंवा त्याची वायर हातात धरू नका. प्लग बाहेर काढून ठिणगी बघण्याचा जुना प्रकार टाळा, पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढा आणि बसवताना आधी हाताने फिरवा, नाहीतर आटे जातात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, सायलेन्सरमधलं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतं.

एवढं करूनही गाडी चालू झाली नाही, तर काय काय तपासलं ते मेकॅनिकला फोनवर सांगा. तो नेमका पार्ट घेऊन येईल आणि एका कॉइलसाठी चारही बदलायची वेळ येणार नाही. पेशंट असेल तर मात्र तपासत बसू नका, १०८ ला फोन लावा.