लोटस मार्केटप्लेस : हाउसहोल्ड्स

ग्राहकांच्या माहितीचा अमेरिकेतील एक व्यापारी संच. लोकांच्या विरोधामुळे तो विक्रीला येण्याआधीच गुंडाळला गेला. ‘१-२-३’ या स्प्रेडशीटमुळे नावाजलेली लोटस डेव्हलपमेंट ही सॉफ्टवेअर कंपनी आणि लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी अटलांटाची इक्विफॅक्स यांनी १९९० मध्ये त्याची घोषणा केली. मॅकिंटॉश संगणकासाठीच्या सीडी-रॉमवर सुमारे ८ कोटी कुटुंबांतील १२ कोटी लोकांची नावे, पत्ते, वयोगट, वैवाहिक स्थिती, अंदाजे उत्पन्न आणि खरेदीच्या सवयी असणार होत्या. पहिल्या ५,००० नावांसह किंमत ६९५ डॉलर. म्हणजे बड्या कंपन्यांपुरती असलेली ही सोय आता गल्लीतल्या दुकानदाराच्याही आवाक्यात येणार होती.

यातले काहीच नवे नाही, अशा याद्या कधीपासून विकल्या जातात, असा कंपन्यांचा बचाव होता. तो खोटा नव्हता, पण मूळ आक्षेपाला बगल देणारा होता. कर्ज मागताना दिलेला तपशील जाहिरातदाराला विकायला परवानगी कोणी दिली? शिवाय उत्पन्नाचा आकडा ग्राहकाने सांगितलेला नसून कंपनीने बांधलेला अंदाज होता. माणसांना ‘साठवलेली संपत्ती’ किंवा ‘शहराच्या मध्यवस्तीतले एकटे’ अशा गटांत बसवले जाई. आपण कोणत्या गटात आहोत, याचा त्यांना पत्ताही नसे. यादीतून नाव काढून घेण्याची मुभा होती खरी, परंतु एकदा विकलेल्या सीडीवरचे नाव पुसणार कसे? एवढ्या एका प्रश्नाने ती मुभा कागदोपत्री ठरते. शिवाय नाव काढायचे तर ते आत आहे हे आधी कळायला हवे. सगळा भार ग्राहकावरच.

विरोध पसरला तो मुख्यतः ई-मेल आणि संगणकीय चर्चागटांतून. लोटसचे प्रमुख जिम मांझी यांचा ई-मेल पत्ता हातोहात फिरला. आपले नाव वगळा, असे सुमारे ३०,००० लोकांनी कळवल्यावर जानेवारी १९९१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी माघार घेतली. कायद्याने मात्र त्यांना रोखले नव्हते. त्याच वर्षी इक्विफॅक्सने पतनोंदींवरून तयार केलेल्या जाहिरात-याद्यांची विक्रीही थांबवली. मूळ नोंदी तिच्याकडेच राहिल्या आणि वाढत गेल्या. २०१७ मध्ये तिच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली.