बीजगणितावर पोसलेले 'नेचर'

जुन्या पिढीतील गणिताच्या शिक्षकांना 'हॉल अँड नाइट' या जोडगोळीची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांचे 'हायर अल्जिब्रा' १८८७ साली निघाले आणि आजही प्रवेश परीक्षांची तयारी करणारी मुले ते विकत घेतात. विज्ञानाच्या जगात असाच दबदबा 'नेचर' या साप्ताहिकाचा आहे. एक शाळकरी मुलांचे क्रमिक पुस्तक, तर दुसरे संशोधकांचे व्यासपीठ. वरवर पाहता दोघांचा काही संबंध दिसत नाही. पण दोन्ही एकाच घरातून बाहेर पडली आणि त्या घराच्या हिशेबवह्यांत त्यांचे नाते फार जवळचे होते. ते घर म्हणजे मॅकमिलन ही ब्रिटिश प्रकाशनसंस्था.

संस्थेचा संस्थापक डॅनियल मॅकमिलन १८१३ साली स्कॉटलंडमधील अॅरन बेटावर एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मला. लहानपणीच वडील वारले आणि तो एका पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला. १८४३ साली धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्याबरोबर त्याने लंडनमध्ये स्वतःचे दुकान थाटले आणि त्याच वर्षी केंब्रिजमध्येही. त्यांनी प्रकाशित केलेले पहिले पुस्तक कोणते असावे? ए. आर. क्रेग यांचे शिक्षणविषयक पुस्तक, आणि त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणसंस्था का हव्यात याची चर्चा होती!

केंब्रिजच्या दुकानात प्राध्यापक आणि विद्यार्थी पुस्तके चाळायला येत. त्यांना काय हवे आहे आणि काय मिळत नाही, हे या भावांना गल्ल्यावर बसूनच कळे. गिऱ्हाइकांतूनच त्यांनी लेखक निवडले. बार्नर्ड स्मिथ यांचे अंकगणित, आयझॅक टॉडहंटर यांचे कलनशास्त्र, बीजगणित आणि युक्लिड अशी पुस्तके एकापाठोपाठ एक निघाली. कादंबरी गाजली तरी तिचा बहर काही वर्षांत ओसरतो. क्रमिक पुस्तकाला मात्र दरवर्षी नवा वर्ग आणि नवी मागणी असते. क्षयाने जर्जर झालेला डॅनियल १८५७ साली वारला, पण संस्थेचा पाया तोवर पक्का झाला होता. पुढे या पुस्तकांची बाजारपेठ साम्राज्यभर पसरली. १९०१ साली मॅकमिलनने मुंबईत शाखा उघडली, तीही मुख्यतः शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांच्या बळावर.

अलेक्झांडरचे वैशिष्ट्य असे, की परस्परविरोधी मतांची माणसे त्याने एकाच छताखाली आणली. टॉडहंटर यांना शाळेतील प्रयोगांचे वावडे होते. शिक्षक विद्वान आणि सच्छील असताना त्याच्या सांगण्यावर विद्यार्थ्याने अविश्वास दाखवणे अविवेकाचे आहे, असे त्यांनी १८७३ साली लिहिले. हे पुस्तक मॅकमिलननेच छापले. आणि त्याच सुमारास थॉमस हक्सले, हेन्री रॉस्को व बाल्फोर स्टुअर्ट यांच्या संपादनाखाली विज्ञानाच्या बालबोध पुस्तकांची मालाही मॅकमिलननेच काढली. मुलांनी स्वतः पाहावे, करून बघावे, मग विश्वास ठेवावा, हा तिचा आग्रह होता. किंमत प्रत्येकी एक शिलिंग. हा वाद आपल्या शाळांतून अजून संपलेला नाही, हे शिक्षकांना सांगायला नको.

या मंडळींच्या गाठीभेटींतूनच 'नेचर'ची कल्पना पुढे आली. नॉर्मन लॉकियर हा युद्धखात्यातील कारकून, फावल्या वेळात सूर्याचा वर्णपट अभ्यासणारा. त्याचे खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक मॅकमिलनने १८६८ साली काढले होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी ग्रहण नसतानाही सौरज्वालांचा वर्णपट पाहण्यात तो यशस्वी झाला. त्यातील पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. येथे एक खुलासा करायला हवा. हा शोध त्याने विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी.

४ नोव्हेंबर १८६९ रोजी 'नेचर'चा पहिला अंक निघाला. किंमत चार पेन्स, संपादक लॉकियर. सामान्य वाचकांपर्यंत विज्ञान पोहोचवणे आणि शास्त्रज्ञांना एकमेकांचे काम लवकर कळवणे, असे दोन हेतू होते. पहिला फारसा साधला नाही. लेख सामान्यांना जड जात. दुसरा मात्र अपेक्षेपेक्षा अधिक साधला. विद्वत्संस्थांची इतिवृत्ते निघायला महिनोन्‌महिने लागत, तर 'नेचर'मधले पत्र काही आठवड्यांत छापून येई. त्यामुळे ते शास्त्रज्ञांच्या वादविवादाचा चव्हाटा बनले.

पण शास्त्रज्ञ संख्येने किती असणार? सुमारे तीस वर्षे 'नेचर' तोट्यात चालले. हा तोटा सोसला तो क्रमिक पुस्तकांच्या नफ्याने. अलेक्झांडर भोळा नव्हता. 'नेचर'मुळे देशातले उत्तम शास्त्रज्ञ आपल्या दारी येतात, त्यांतूनच उद्याचे पाठ्यपुस्तककार मिळतात, हे त्याला दिसत होते. तरीही तीस वर्षांचा धीर निव्वळ व्यापारी हिशेबात बसत नाही. १८९६ साली तो वारला. 'नेचर' फायद्यात आलेले त्याला पाहायला मिळाले नाही. लॉकियर मात्र १९१९ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, संपादकपदी राहिला.

त्या धीराची फळे आपण पाहतोच. क्ष-किरणांविषयीच्या राँटगेन यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर जानेवारी १८९६ मध्ये येथेच आले. नव्या प्रकारच्या प्रकीर्णनाविषयीचे रामन आणि कृष्णन यांचे टिपण ३१ मार्च १९२८ च्या अंकात, चॅडविक यांचे न्यूट्रॉनविषयीचे पत्र १९३२ साली, तर वॉटसन व क्रिक यांची डीएनएची रचना २५ एप्रिल १९५३ च्या अंकात प्रसिद्ध झाली.

डॅनियलचा नातू हॅरल्ड मॅकमिलन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. संस्था मात्र घराण्याकडे राहिली नाही. १९९५ ते १९९९ या काळात ती टप्प्याटप्प्याने होल्ट्सब्रिंक या जर्मन कंपनीकडे गेली आणि २०१५ साली 'नेचर' श्प्रिंगर नेचर या नव्या संस्थेत दाखल झाले. आता तोट्याचा प्रश्नच नाही. आपला निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा असे संशोधकाला वाटत असेल, तर त्यासाठी 'नेचर'ने २०२१ पासून ९,५०० युरो शुल्क ठरवले. आपल्याकडच्या छोट्या प्रयोगशाळेचे वर्षभराचे रसायनांचे बिलही अनेकदा याहून कमी असते.

शाळेतल्या मुलांनी विकत घेतलेल्या बीजगणितावर एके काळी संशोधनाचे नियतकालिक तगले. आज ते स्वतःच्या पायावर भक्कम उभे आहे. त्याच्या नफ्यातून शाळेकडे काय परत येते, हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार शिक्षकांचा आहे.