वस्त्रे साताऱ्याहून

१८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर गंगाबाईंना मुलगा झाला. त्यानंतर ४० दिवसांनी, २८ मे रोजी, साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे त्या मुलाच्या नावाने स्वीकारण्यात आली. मान धरू न लागलेले बाळ मराठी राज्याचे मुख्य प्रधान झाले. राघोबादादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांना, म्हणजे बारभाईंना, एवढी घाई होती, त्याला कारण होते. बाळाचे वडील, पेशवे नारायणराव, आदल्या ऑगस्टात शनिवारवाड्यात मारले गेले होते आणि चुलत आजोबा राघोबादादांनी दत्तकपुत्र अमृतरावांना साताऱ्यास पाठवून हीच वस्त्रे स्वतःसाठी मिळवली होती. दादांपाशी फौज होती, त्यांना इंग्रजांची मदतही मिळणार होती. पण त्यांचा हक्क मोडायचा तर त्याच हातून दुसरी वस्त्रे यायला हवी होती. आणि तो हात होता साताऱ्याच्या छत्रपती रामराजांचा, ज्यांच्याकडे कारभार म्हणावा असा उरलाच नव्हता.

इतिहासाच्या पुस्तकांत अशा छत्रपतींना ‘नामधारी’ म्हणून एका शब्दात निकालात काढतात. मला ते पटत नाही. ज्याच्या वस्त्रांवाचून कोणाचे पद खरे ठरत नाही, त्याच्याकडे सत्तेचा एक मोठा अंश शिल्लकच असतो. या वस्त्रांचे कूळ शोधत मागे गेले की ते पटते.

राजाने अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याला पांघरायचे, ही पश्चिम आशियातली फार जुनी रीत. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात तिला दप्तरी शिस्त आली. सरकारी कारखान्यांत कापड विणले जाई आणि बाहीवरच्या पट्टीत खलिफाचे नाव भरलेले असे. ते नाव दंडावर मिरवणारा सरदार कोणाचा, हे विचारावे लागत नसे. १२२९ साली अशी मानवस्त्रे, म्हणजे खिलत, दिल्लीला आली, सुलतान इल्तुतमिशसाठी. दिल्ली त्याने तलवारीच्या बळावर राखली होती. तरीही खलिफाची वस्त्रे आली तेव्हा ती त्याने मानाने घेतली, कारण गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस सुलतान कसा, या प्रश्नाला त्यांत उत्तर होते.

मोगलांनी या रिवाजाच्या पायऱ्या बांधल्या. तीन वस्त्रांची खिलत म्हणजे पागोटे, घेरदार जामा आणि कमरेचा पटका. पाच वस्त्रांच्या खिलतीत शिरपेच आणि पागोट्यावर बांधायची पट्टी वाढे. त्याहून वरच्या मानाला वर अर्ध्या बाह्यांचे जाकीट. सर्वांत मोठा मान बादशहाने स्वतः वापरलेल्या वस्त्राचा. अबुल फजल लिहितो की अकबराच्या वस्त्रागारासाठी दर मोसमाला हजार पोशाख तयार होत. एवढे कापड एका माणसाला नेसायला लागत नाही, वाटायला लागते.

वस्त्र घेणे म्हणजे देणाऱ्याला धनी मानणे, हे शिवाजीमहाराजांइतके कोणी ओळखले नसेल. पुरंदरच्या तहानंतर १६६५ साली बादशाही फर्मान आणि खिलत त्यांनी सामोरे जाऊन घेतली; तेव्हा तसे करणे भाग होते. पुढच्याच वर्षी, १२ मे १६६६ रोजी, आग्र्याच्या दरबारात शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला वस्त्रे मिळाली, महाराजांना मिळाली नाहीत. ते संतापून बाजूला झाले. औरंगजेबाने समजुतीसाठी मागाहून खिलत देऊ केली, ती त्यांनी साफ नाकारली. भर दरबारात बादशहाची वस्त्रे परतवणे ही मामुली गोष्ट नव्हती; जिवाशी गाठ होती. आठ वर्षांनी रायगडावर अभिषेक झाला आणि अष्टप्रधानांना वस्त्रे द्यायला महाराज स्वतः सिंहासनावर बसले. रिवाज तोच राहिला, देणारा हात बदलला. राज्याभिषेकाचा हा अर्थ मला सर्वांत मोठा वाटतो.

शाहूमहाराजांनी याच रिवाजावर राज्य चालवले. स्वतः ते फारसे मोहिमेवर गेले नाहीत. पण पेशवाईची वस्त्रे आणि शिक्के-कट्यार कोणाला मिळणार, हे त्यांच्याच हाती होते. १७२० साली जुन्या मंडळींचा विरोध असताना मसूरच्या मुक्कामी त्यांनी ती विशीही न गाठलेल्या बाजीरावाला दिली. १७४० साली रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांचे घोडे पुढे दामटले, तेव्हा नानासाहेबांना दिली. १७४७ मध्ये त्याच नानासाहेबांची पेशवाई काही काळ काढून घेऊन पुन्हा बहाल केली. डभईच्या लढाईत १७३१ साली बाजीरावाशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले, तर सेनापतिपदाची वस्त्रे त्यांच्या भावाला, यशवंतरावांना देऊन दाभाड्यांचे घर राखले. पेशवा जिंकला म्हणून सेनापतिपद त्याच्या पदरात पडले नाही.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू गेले आणि रामराजे गादीवर आले. राजघराण्यातल्या ज्येष्ठ ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि कारभार पुण्यास गेला. तरी वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. १७६१ च्या जुलैत पानिपताचे दुःख ताजे असताना सोळा वर्षांच्या माधवरावांनी ती घेतली. यात भाविकपणा असेल, पण त्याहून मोठी गरज होती. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांनी पुण्याचा हुकूम का ऐकावा? सेनासाहेब सुभा हे भोसल्यांचे पद छत्रपतींचेच आणि पेशवेपदही छत्रपतींचेच. पेशवा वडील ठरतो तो मुख्य प्रधानकीच्या वस्त्रांनी. ती नसतील तर तोही इतरांसारखा एक सरदार.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीच्या पदाची, वस्त्रे आणली आणि पुण्यात ती स्वीकारण्याच्या समारंभाचा, फर्मानबाडीचा, थाट उभा केला. बादशहा महादजींच्याच आश्रयाने जगत होता. तरी त्याची वस्त्रे छत्रपतींच्या प्रधानाने घ्यावीत का, हा पेच पडला आणि साताऱ्याची परवानगी आल्यावरच सवाई माधवरावांनी ती अंगावर घेतली. पुरंदरावरचे ते बाळ आता अठरा वर्षांचे झाले होते.

साताऱ्याच्या वस्त्रांचे हे वजन ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याच्याही ध्यानात होते. १८१८ च्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला हाती येताच त्याने जाहीरनामा काढला, पेशवा दुसरा बाजीराव दूर होईल आणि छत्रपतींना राज्य मिळेल. प्रतापसिंह महाराज गादीवर बसले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात मात्र एक कलम घातले गेले: कंपनीच्या अधिकाऱ्यामार्फत असेल तेवढाच पत्रव्यवहार, एरवी बाहेरच्या कोणत्याही संस्थानिकाशी किंवा सरदाराशी महाराजांनी संबंध ठेवायचा नाही. या कलमाने साताऱ्याबाहेर वस्त्रे पाठवण्याची वाटच बंद झाली. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले, तेव्हा त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप होता.