जेरुसलेमची वाट, युरोपात आखलेली

दर शुक्रवारी दुपारी जेरुसलेमच्या जुन्या शहरात, अल-ओमरिया शाळेच्या आवारातून, फ्रान्सिस्कन संन्यासी क्रुसाची वाट चालू लागतात आणि देशोदेशींच्या चर्चगटांतले यात्रेकरू त्यांच्यामागे निघतात. वाटेवर चौदा स्थाने आहेत, त्यांतली शेवटची पाच पवित्र कबरीच्या चर्चमध्ये. येशू क्रूस घेऊन ज्या गल्ल्यांतून गेला त्यांची आठवण या शहराने दोन हजार वर्षे जपली आणि यात्रेकरू ती पाहायला येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुरावा पाहिला तर क्रम उलटा दिसतो. ही वाट पुष्कळशी यात्रेकरूंनीच आपापल्या गावाहून मनात बांधून आणली आणि शहराने ती त्यांना गल्लीबोळांत मांडून दिली.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची ख्रिस्ती स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीत आली आणि मागे राहिलेल्या भगिनींसाठी तिने सविस्तर वृत्तान्त लिहिला. तिच्या काळात शुभशुक्रवारच्या आदल्या रात्रभर लोक जैतुनाच्या डोंगरावरून, गेथशेमानेमार्गे, पहाटे शहरात चालत येत. पण येशू इथे पडला, इथे त्याला आई भेटली, अशी थांबण्याची ठिकाणे तिच्या वर्णनात नाहीत. 1342 मध्ये पोपने पवित्र स्थळांची राखण फ्रान्सिस्कनांकडे सोपवली आणि गटाने, ठरलेल्या मार्गाने, वाटाड्याच्या मागे फिरण्याची रीत पक्की होत गेली. तरीही 1458 आणि 1462 मध्ये येऊन गेलेला विल्यम वे हा इंग्रज धर्मगुरू सांगतो तो मार्ग येशूला क्रुसावर दिले त्या कालवरीपासून सुरू होऊन रोमी सुभेदार पिलाताच्या घराकडे, म्हणजे आजच्या उलट दिशेने जातो. दरम्यान ज्यांना समुद्रप्रवास परवडत नव्हता त्यांच्यासाठी युरोपातल्या गावोगावी प्रतिकृती उभ्या राहत होत्या. न्यूरेंबर्गला आडाम क्राफ्टने घडवलेल्या शिल्पमालेत स्थाने सातच आहेत. 1584 मध्ये क्रिस्टियान फान आड्रिखेम या डच धर्मगुरूने जेरुसलेमवरच्या ग्रंथात बारा दिली. गंमत अशी, की या गृहस्थाने जेरुसलेम कधी पाहिलेच नव्हते. तरी त्याचे पुस्तक अनेक भाषांत गेले आणि यात्रेला निघणारे तीच बारा ठिकाणे डोक्यात घेऊन जेरुसलेमला पोचू लागले. 1731 मध्ये पोप बारावा क्लेमेंट याने चौदा हा आकडा कायम केला आणि पुढे जेरुसलेमचा मार्गही त्या आकड्याशी जुळवून घेण्यात आला. बांधकाम तर विसाव्या शतकातही चालू होते: तिसऱ्या स्थानाचे चॅपेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश सैनिकांच्या पैशातून सजले.

कोणी म्हणेल, लिखित नसली तरी तोंडी परंपरा असेलच. असती तर दिशा आणि संख्या इतक्या वेळा बदलल्या नसत्या. शिवाय येशूचे तीनदा पडणे आणि वेरोनिकेचा रुमाल हे प्रसंग चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाहीत. ते युरोपच्या भक्तीतून आले आणि त्यांना जेरुसलेममध्ये जागा मिळाली. ‘हा पाहा मनुष्य’ असे पिलात जिथून म्हणाला ती म्हणून दाखवली जाणारी कमान दुसऱ्या शतकातली, सम्राट हेड्रियनच्या वेळची आहे. प्रॉटेस्टंटांनाही हा नियम चुकला नाही. धूप, दिवे आणि पंथांच्या भांडणांनी भरलेले पवित्र कबरीचे जुने चर्च त्यांना रुचेना. 1883 मध्ये जनरल गॉर्डनने शहराच्या भिंतीबाहेरची एक टेकडी कालवरी म्हणून पुढे केली, 1894 मध्ये तिच्यालगतची बाग विकत घेतली गेली, आणि शुभवर्तमान वाचताना डोळ्यांपुढे येते तशी निवांत कबर त्यांना मिळाली. पुरातत्त्वज्ञांच्या मते ती कबर येशूच्या कित्येक शतके आधी खोदलेली आहे.

मग सगळेच खोटे का? तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा उतावीळपणा होईल. कॉन्स्टंटाइनने बांधलेले आणि 335 मध्ये समर्पित झालेले पवित्र कबरीचे चर्च ज्या जागी आहे, ती येशूच्या काळी शहराच्या तटाबाहेर होती आणि तिथे त्या काळच्या धाटणीच्या खडकात कोरलेल्या कबरी सापडल्या आहेत. त्या जागेचा दावा भक्कम आहे. रस्त्याचा नाही, एवढाच मुद्दा. श्रद्धेचे यात काही जात नाही. एजेरियाचा गटही प्रत्येक जागी थांबून त्या जागेचा उतारा वाचायचा, प्रार्थना करायचा आणि पुढे जायचा. वसई-गोव्याच्या धर्मग्रामांत प्रायश्चित्तकाळात चालली जाणारी क्रुसाची वाट म्हणूनच जेरुसलेमच्या वाटेची नक्कल ठरत नाही. दोन्हींची आखणी एकाच भक्तीतून झाली आहे.

तिकडे जाणाऱ्या गटांनी मात्र एक करावे. चौदा स्थाने झाल्यावर शहराच्या पश्चिमेला, याफा दरवाज्याजवळच्या किल्ल्यात जावे. तिथे हेरोदाचा राजवाडा होता. इसवी सन 66 मध्ये रोमी सुभेदार फ्लोरस याच राजवाड्यात उतरला होता आणि त्यासमोरच त्याने न्यायासन मांडले, असे योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. पिलाताने निवाडा दिला तो बहुधा इथेच. म्हणजे कालवरीची खरी वाट निघाली असेल ती आजच्या वाटेच्या समोरच्या बाजूने.